मागची भिंत: महागडा क्लोज्ड-बॅक हेडफोन घेण्याआधी

आजचा भाग हेडफोनवर आहे, आणि तोही अशा हेडफोनवर, ज्याची किंमत ऐकून आई विचारते, "एवढ्यात फ्रीज येतो ना?" येतो. काहींच्या किमतीत फ्रीज, वॉशिंग मशीन आणि वर एक सेकंडहँड स्कूटरही येते. तरी विषय घेतेय, कारण हल्ली यावरच बरेच मेसेज येतात, आणि त्यातला एक मेसेज मी तीनदा वाचला. पाठवणाऱ्याला विचारून, नाव न सांगता, तो आज इथे मांडतेय.

मुलगा २६ वर्षांचा. ठाण्यात वन रूम किचन. धाकटा भाऊ एमपीएससीची तयारी करतोय, त्याच खोलीत रात्री दोनपर्यंत दिवा चालू. हा रोज लोकलने सीएसएमटीला जातो-येतो. मेसेज असा: "ताई, दीड लाख साठलेत. लागले तर वरचे ईएमआयवर घालीन. बेस्ट क्लोज्ड-बॅक कोणता ते सांग, एकदाच घेतो आणि दहा वर्षं विषय बंद. घरी आणि ट्रेनमध्ये तोच वापरीन. हल्ली झोपताना उजव्या कानात बारीक शिट्टी वाजल्यासारखं होतं, म्हणून वाटतं की आता चांगलाच घ्यावा."

त्या शेवटच्या वाक्याकडे मी येतेच. पण आधी "बेस्ट क्लोज्ड-बॅक" म्हणजे काय भानगड आहे ते बघू. ते समजलं नाही तर पुढचं सगळं म्हणजे नुसती ब्रँडची नावं.

हेडफोनमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणा. तो पुढे-मागे हलतो. पुढे हलला की आवाज तुमच्या कानाकडे जातो, आणि त्याच क्षणी तेवढाच आवाज मागच्या बाजूलाही जातो. ओपन-बॅक हेडफोनला मागे जाळी असते, त्यामुळे मागचा आवाज खोलीत निघून जातो. बाजूला बसलेल्याला तुमचं गाणं ऐकू येतं आणि तुम्हाला त्याचा कुकर. क्लोज्ड-बॅकला मागे भिंत आहे. मागचा आवाज त्या भिंतीवर आपटतो, परत येतो, पडद्याला धक्का देतो आणि पडद्यातून झिरपून कानात शिरतो. उशिरा शिरतो, आणि बदलून शिरतो.

आपल्याकडची दोन वाद्यं डोळ्यांसमोर आणा. डफ आणि डग्गा. दोन्हीत ताणलेलं कातडंच आहे. पण डफ मागून उघडा, आणि डग्ग्याच्या खाली बंद भांडं. डग्ग्याचा तो घुमारा येतो त्या भांड्यामुळे. वाद्याला घुमारा हवाच, ते त्याचं सौंदर्य आहे. पण हेडफोन हे वाद्य नाही. त्याने दुसऱ्याचा घुमारा दाखवायचा असतो, स्वतःचा मिसळायचा नसतो. क्लोज्ड-बॅक बनवणाऱ्यापुढे सगळी पंचाईत ही आहे: भांडं तर ठेवायचं, पण ते वाजू द्यायचं नाही.

थोडा हिशेब करू, सोपा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर साडेआठ सेंटिमीटरची झाली. कपची आतली रुंदी सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर त्यात बरोबर अर्धी लहर बसते. अर्धी लहर बसली की आवाज दोन भिंतींमध्ये येरझाऱ्या घालत अडकतो. काही सूर फुगतात, काही गायब होतात. आणि ४,००० हर्ट्झ म्हणजे काही कोपऱ्यातली जागा नाही. शब्दांची धार, गायकाचा श्वास, तबल्याच्या चाटेची कड, सगळं तिथेच आसपास. म्हणून स्वस्त क्लोज्ड हेडफोनमध्ये माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. तो खरंच डब्यातूनच बोलत असतो.

आता महागड्या हेडफोनकडे या नजरेने बघा. प्रत्येक कंपनी एकाच प्रश्नाचं उत्तर विकतेय: मागच्या आवाजाचं काय करायचं?

सेनहायझरने २०१८ मध्ये एचडी ८२० आणला, सुमारे २,४०० डॉलरचा. त्यांचा ओपन-बॅक एचडी ८०० एस आधीपासून नावाजलेला, त्याचंच हे बंद भावंडं. त्यांनी ड्रायव्हरच्या मागे वक्र काच बसवली. आवाज काचेवर आपटून बाजूला वळावा आणि तिथल्या शोषून घेणाऱ्या कप्प्यांत जिरावा, ही कल्पना. दिसायला अप्रतिम, काचेतून आतला ड्रायव्हर दिसतो. ऐकायला? माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या पैशाला नाही. बास आणि मधल्या सुरांच्या मध्ये खड्डा पडतो, तो मोजमापांतही दिसतो, आणि पुरुषाचा आवाज त्यात थोडा पोकळ होतो. मैदान मोठं वाटतं, हे मान्य. पण मैदानात उभा असलेला माणूस बारीक वाटतो.

सोनीचा एमडीआर-झेड१आर, २०१६ चा, ७० मिलिमीटरचा ड्रायव्हर. सोनीने ठरवलं की भिंत कडक ठेवायचीच नाही. कागदासारख्या लगद्याची भिंत, बाहेर धातूची जाळी. म्हणजे नावाला बंद, पण भिंत किंचित श्वास घेते. घुमणं कमी होतं, बास भरदार आणि मजेशीर येतो, आणि बदल्यात बाहेरचा आवाज बऱ्यापैकी आत येतो. घरात एकटे असाल तर छान. पण एकटे असाल तर ओपन-बॅकच का नाही, हा माझा प्रश्न.

जपानी कंपन्यांना लाकूड आवडतं. डेनॉनच्या एएच-डी९२०० चे कप बांबूचे, डी७२०० चे अक्रोडाचे, फॉस्टेक्सच्या टीएच९०० वर उरुशी लाखेचा लाल थर. लाकडाचा उपयोग असतो, ते कंपनं जिरवतं. पण खरं सांगू का, लाकडाचे निम्मे पैसे डोळ्यांचे असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त आपण कशाचे देतोय ते माहीत असावं.

फ्रान्सच्या फोकलने २०१९ मध्ये स्टेलिया आणला, साधारण ३,००० डॉलर. त्यांचा भर पडद्यावरच. बेरिलियम या अतिशय हलक्या आणि कडक धातूचा घुमट, आणि मागे आवाज विखुरणारी, जिरवणारी रचना. थोडा गरम, थोडा चमकदार, ऐकताना उत्साह येतो असा. आणि सॅन दिएगोच्या डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ मध्ये स्टेल्थ काढला, जवळपास ४,००० डॉलरचा, मग २०२३ मध्ये त्याच विचाराचा निम्म्या किमतीचा ई३. यांचं उत्तर मला सगळ्यात हुशार वाटतं. त्यांनी ड्रायव्हर आणि कान यांच्या मध्ये एक जाळीसारखा तुकडा बसवला. त्यात वेगवेगळ्या लांबीचे छोटे बोगदे आहेत. प्रत्येक बोगदा आपापल्या ठरावीक सुरांचा जास्तीचा भाग गिळतो. म्हणजे अडकलेली लहर फुगायच्या आधीच तिच्यासाठी खड्डा खणून ठेवलाय. त्यामुळे ई३ ऐकताना बराच वेळ लक्षातच येत नाही की हा बंद आहे. क्लोज्ड-बॅकची यापेक्षा मोठी तारीफ मला सुचत नाही.

बरं, मग ई३ घ्या आणि सुटा? नाही. इथे फोनवाल्या मंडळींनी कान द्या.

आपण ओहम बघतो. "३२ ओहम म्हणजे फोनवर चालेल, ३०० ओहम म्हणजे अॅम्प लागेल." हे अर्धवट आहे. एचडी ८२० आहे ३०० ओहमचा. १ व्होल्ट दिला की तो १०३ डेसिबल देतो. यूएसबी-सीचा साधा चांगला डोंगल साधारण १ व्होल्ट देतोच. म्हणजे हा "अवघड" हेडफोन डोंगलवर व्यवस्थित वाजतो. आता स्टेल्थ बघा. तो आहे फक्त २३ ओहमचा, पण १ मिलिवॅटला जेमतेम ८६ डेसिबल देतो. ऑर्केस्ट्राच्या जोरदार जागेला क्षणभर १०६ डेसिबल लागले असं धरा. स्टेलिया तेवढे १ मिलिवॅटमध्ये देतो. एचडी ८२० ला लागतात सहा-सात मिलिवॅट. स्टेल्थला लागतात १०० मिलिवॅट! डोंगलचा तिथे जीव जातो. आवाज येतो, नाही असं नाही, पण जोरदार जागा आली की दमलेल्या माणसासारखा. ई३ स्टेल्थपेक्षा थोडा सोपा, पण त्यालाही बरा अॅम्प हवाच.

म्हणजे ई३ च्या किमतीत अॅम्पची किंमत धरा. आणि तो अॅम्प ठेवायला जागा धरा, आणि रात्री गादीवर पडून ऐकायचं असेल तर ती वायर. स्टेलिया मात्र थेट फोन आणि डोंगलवर चालतो. दोन हेडफोनची तुलना करताना हा फरक बऱ्याच व्हिडिओंत शेवटी, ओझरता येतो. फोनवर ऐकणाऱ्यासाठी तो पहिला प्रश्न आहे. तुमच्या हेडफोनच्या पानावर "सेन्सिटिव्हिटी" शोधा, आणि ती डेसिबल प्रति मिलिवॅट आहे की प्रति व्होल्ट, ते बघा. कंपन्या कधी हे लिहितात, कधी ते, आणि दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

आता डोकं. म्हणजे तुमचं डोकं, खरंखुरं.

क्लोज्ड-बॅकचा बास हवा दाबून तयार होतो. गादी गालाला, कानामागे, जबड्याजवळ घट्ट बसली तरच. जरा फट राहिली की दाब निसटतो आणि खालचा सगळा आवाज निघून जातो. चष्म्याची काडी ही अशी फट आहे. माझ्यासाठी केस आणि कानातले ही आणखी दोन. रिव्ह्यू करणारे बहुतेक चष्म्याविना, बारीक केसांचे पुरुष असतात, हे लक्षात ठेवा मुलींनो. त्यांना मिळालेला बास तुम्हाला मिळेलच असं नाही. उलट एखाद्या हेडफोनला "बास कमी" म्हणणाऱ्याची कदाचित फक्त चष्म्याची काडी जाड असेल.

याची परीक्षा पाच सेकंदांची आहे. बास असलेलं गाणं लावा, दोन्ही कप हलकेच तळहाताने दाबा. बास एकदम वाढला का? वाढला तर तुमच्या डोक्यावर तो हेडफोन नीट बसत नाहीये. मग तो दोन लाखांचा असो, तुमच्यासाठी तो अर्धाच आहे.

वजनही बघा. ऑडीझीचा एलसीडी-एक्ससी साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे जातो. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीपेक्षा जास्त वजन डोक्यावर घेऊन दीड तासाचा पॉडकास्ट ऐकून बघा. आवाज उत्तम आहे त्याचा, मान तेवढी उत्तम हवी. मेझेचा ९९ क्लासिक्स २६० ग्रॅमचा, विसरायला होतं की डोक्यावर काही आहे. तो या लाखांच्या पंगतीतला नाही, पण आरामाची मोजपट्टी म्हणून एकदा घालून बघाच.

दुकानात जाणार असाल तर काय ऐकायचं? दुकानाची डेमो गाणी नको. ती हेडफोन विकण्यासाठी निवडलेली असतात. मी तीन-चार गोष्टी नेते. एक, नुसता तानपुरा. जवारी लागलेल्या तानपुऱ्यात खालपासून वरपर्यंत सुरांचा पंखा उघडतो. कप कुठे वाजत असेल तर त्यातली एकच काडी बाहेर आल्यासारखी टोचते. दोन, डग्ग्यावरची मींड. मनगट दाबत सूर वर सरकतो, तो सगळीकडे सारख्याच जोराने सरकला पाहिजे. मध्ये एखाद्या ठिकाणी अचानक मोठा झाला, तर तो घुमारा डग्ग्याचा नाही, हेडफोनचा आहे. तीन, 'सैराट'ची गाणी. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. आपल्या कानात पक्की बसलेली गाणी आणि मागे एवढा मोठा वाद्यवृंद, यापेक्षा सोयीचं काय? गर्दीच्या जागी व्हायोलिन वेगळी ऐकू येतात की सगळ्याचा गोळा होतो, ते बघा. आणि चार, कुणाचं तरी नुसतं बोलणं. पुरुषाचा खर्जातला आवाज. डबा लगेच पकडला जातो. मला वाटतं ही सगळ्यात कडक परीक्षा आहे, कारण माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे.

आणि तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. दोनपैकी जो जरासा मोठा वाजतो तो आपल्याला जास्त चांगला, जास्त खुलासेवार वाटतो. कान असेच आहेत. एका दुकानात मला महागडा हेडफोन लावून देताना हळूच व्हॉल्यूमही वर गेला होता. मी तो परत खाली आणला, आणि जादू बरीचशी उतरली.

दुकानात चाळीस मिनिटं बसू द्यायला हरकत असेल, तर ते दुकान बदला. दहा मिनिटांत फक्त चकाकी कळते. गरम होणं, टोचणं, कंटाळा येणं हे सगळं त्यानंतर.

किमतीबद्दल एक गोष्ट सांगते. येरून ब्रीबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं घेऊन एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न साधा: हेडफोन महाग असला तर त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचा तोल, चांगला असतो का? निष्कर्ष: किमतीशी संबंध सापडला नाही. आता, तोल म्हणजे सगळंच नाही. आराम, बांधणी, दुरुस्तीची सोय, घुमण्यावरचं नियंत्रण यालाही पैसे पडतात. पण तोल हाच आपल्याला सगळ्यात आधी ऐकू येतो. सेनहायझरचा एचडी ६२०एस २०२४ मध्ये ३५० डॉलरला आला, बंद आहे, १५० ओहमचा आहे, आणि त्यात माणसाचा आवाज मला एचडी ८२० पेक्षा खरा वाटतो. मी हे भाग एडिट करते तो बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. १९८० च्या दशकातलं मॉडेल, अजून स्टुडिओंत चालतं, गादीपासून हेडबँडपर्यंत सुटे भाग मिळतात. वरचा आवाज जरा टोकदार आहे, तो मी फोनवर इक्वलायझरने खाली आणते. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप आहे, त्यात शेकडो हेडफोनच्या तयार सुधारणा आहेत. इक्वलायझर म्हणजे फसवणूक, असं म्हणणारे लोक भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका, ऐकून ठरवा. एक मात्र आहे: तोल सुधारता येतो, फटीतून गेलेला बास किंवा कपात अडकलेली लहर इक्वलायझरने पुरती जात नाही. म्हणून बसणं आणि कपची रचना आधी, तोल नंतर.

आता ती ट्रेन, आणि ती शिट्टी.

जाड गादीचा बंद हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो, पण सगळा सारखा नाही. वरचे आवाज, गप्पा, भांड्यांचा खणखणाट, पंख्याची सळसळ, हे छान कमी होतं. खालचे आवाज, म्हणजे लोकलची घरघर, रुळांचा खडखडाट, बसचं इंजिन, हे जवळजवळ जसेच्या तसे आत येतात. मग माणूस काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. दीड लाखांचा साधा क्लोज्ड-बॅक लोकलमध्ये म्हणजे कान खराब करायचा महागडा मार्ग आहे. (आणि चोरीचंही बघा. गर्दीत डोक्यावर दीड लाख.) तिथे नॉइज कॅन्सलिंग हवं, ते नेमके खालचेच आवाज मारतं. किंवा कानात नीट बसणारे इअरफोन. साध्या किमतीचे, पण बसणारे.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास. ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास. दहा डेसिबल वाढले की वेळ दहापट कमी. ठाणे ते सीएसएमटी जाऊन-येऊन रोजचे दोन तास धरले, तर ९० च्या पातळीचा आठवडा मंगळवारी संध्याकाळी संपतो. बुधवार ते शनिवार उधारीवर. आणि फोनचा इशारा वायरवाल्या हेडफोनला फारसा लागू पडत नाही, कारण फोनला माहीतच नसतं की समोर स्टेलिया लावलाय की स्टेल्थ.

त्या मुलाला मी पहिला रिप्लाय हेडफोनबद्दल दिलाच नाही. लिहिलं, "आधी ईएनटीकडे जा आणि ऑडिओमेट्री करून घे. शिट्टी एकाच कानात आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांग." शांत खोलीत, आजूबाजूला तसा आवाज नसताना कानात शिट्टी येणं, याला टिनिटस म्हणतात. ती मळामुळे असू शकते, आवाजामुळे असू शकते, वेगळंही काही असू शकतं. ते ओळखणं माझं काम नाही आणि हेडफोनच्या दुकानाचं तर नाहीच. पण "कान कुरकुर करतोय, म्हणून चांगला हेडफोन घेतो" हा विचार उलटा आहे. चांगल्या हेडफोनवर आवाज कमी टोचतो, त्यामुळे माणूस तो आणखी मोठा ठेवतो आणि कळतही नाही. तो गेला डॉक्टरकडे. काय निघालं ते त्याचं खासगी, पण हेडफोनची खरेदी दोन महिने पुढे गेली आणि लोकलमध्ये सध्या तो काही ऐकत नाही, एवढं सांगायला त्याने परवानगी दिलीय.

त्याची घरची गरज मात्र खरी आहे. एका खोलीत दोन माणसं, एक अभ्यास करतोय, एकाला गाणं हवंय. क्लोज्ड-बॅक यासाठीच असतो. रात्रीच्या शांत खोलीत व्हॉल्यूम खाली ठेवूनही सगळं ऐकू येतं, ही चांगल्या बंद हेडफोनची खरी मिळकत. म्हणून यादी दोनच नावांची उरली. अॅम्पची उठाठेव नको असेल आणि बजेटमध्ये बसला तर स्टेलिया, सेकंडहँडही चालेल. टेबलावर एक छोटा अॅम्प ठेवायची तयारी असेल तर ई३. दोन्ही चष्म्यासकट घालून, तळहाताची परीक्षा करून. आणि दोन्ही नापास झाले तर एचडी ६२०एस घेऊन उरलेले पैसे बँकेत. ईएमआय मात्र नाही, यावर मी अडून बसले. आवडीच्या वस्तूचा हप्ता चालू असला की ती वस्तू ऐकताना हप्ताच ऐकू येतो.

शेवटी दोन घरगुती गोष्टी. डॉलरच्या किमतीला रुपयाने गुणून खूश होऊ नका, इथे आयातशुल्क आणि १८ टक्के जीएसटी लागतो. मग वाटतं की अमेरिकेतल्या मावसभावाला सांगावं. सांगा, पण वॉरंटी भारतात चालते का ते कंपनीला ईमेल करून लेखी विचारा. एवढ्या महागड्या वस्तूचा एक ड्रायव्हर गेला तर पाठवायचा कुठे, हे आधी माहीत हवं.

दुसरी, गाद्या. मुंबई-कोकणच्या हवेत रेक्झिनसारख्या गाद्यांची सालं निघतात, काळे कण कानाला चिकटतात. चामड्याच्या गाद्यांना पावसाळ्यात बुरशी येते. घाम पुसून ठेवा, जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि घेण्याआधी नव्या गाद्या इथे मिळतात का आणि केवढ्याला, ते विचारा. गाद्या हा क्लोज्ड-बॅकचा अर्धा आवाज आहे, त्या दबल्या की फट वाढते आणि बास जातो. काही कंपन्यांच्या गाद्यांची जोडी ऐकून मला पुन्हा तो फ्रीज आठवतो.

तर चष्मा, केस, कानातले यांवर तुमच्या डोक्यावर कोणता हेडफोन नीट बसला, कोणता नाही, ते व्हॉइस नोटवर पाठवा. दोन मिनिटांच्या आत आवरा प्लीज, मागच्या वेळी एक नोट अकरा मिनिटांची होती. पुढच्या आठवड्यात डोंगल. भेटू.